पॅडल, क्रँक आणि गेलेले आटे : मुंबईत नवी एमटीबी घेणाऱ्यांसाठी

"काका, तुमच्याकडे मोठा पाना आहे का? पॅडल अर्धंच आत जातंय."

मे महिन्यातली संध्याकाळ. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा नवीकोरी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेऊन उभा होता. ऑनलाइन मागवलेली, खोक्यातून आलेली. अशा सायकलचं पुढचं चाक, हँडल, सीट आणि पॅडल आपल्याला बसवावं लागतं. वॉचमनच्या मदतीने त्याने बाकी सगळं नीट बसवलं होतं. डावं पॅडल मात्र क्रँकला, म्हणजे ज्या दांड्याच्या टोकाला पॅडल बसतं त्याला, काटकोनात उभं नव्हतं, मान टाकल्यासारखं खाली झुकलं होतं. खोक्यातल्या चपट्या पान्याने दोघांनी जोर लावून ते दोन फेरे आत घातलं होतं. मी वाकून पॅडलच्या एक्सलवर, म्हणजे क्रँकमध्ये आटे घेऊन जाणाऱ्या त्याच्या दांडीवर, पाहिलं, तर तिथे इंग्रजी 'आर' कोरलेला. म्हणजे उजवं पॅडल डाव्या क्रँकमध्ये चाललं होतं. त्या वेळी मोठा पाना हातात दिला असता, तर पॅडल आत गेलंही असतं, पण क्रँक भंगारात गेला असता.

"थांब, आता एक फेराही पुढे नको," म्हटलं आणि पॅडल बाहेर काढलं. तो क्रँक वाचला. कसा, ते पुढे येईलच.

क्रँक आपणहून क्वचितच बिघडतो. त्याचे आटे जातात ते बहुतेक दोनच प्रसंगी. एक, पॅडल बसवताना. दोन, सैल झालेलं पॅडल 'घरी जाऊन बघू' म्हणत तसंच चालवताना. या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

आटे एवढे नाजूक का?

पॅडलचा एक्सल पोलादाचा असतो आणि बहुतेक एमटीबींचा क्रँक अॅल्युमिनियमचा. पोलाद कठीण, अॅल्युमिनियम मऊ. एक्सल तिरका चढला की तो हटत नाही, क्रँकचे आटे कापत आपली नवी वाट काढतो. आत जाताना हाताला फक्त जड लागतं, आणि नवख्या माणसाला वाटतं की नवीन आहे म्हणून घट्ट असेल.

एमटीबीच्या पॅडलचं माप ९/१६ इंच असतं, म्हणजे साधारण १४.३ मिलिमीटर. एका इंचात २० आटे. हिशेब केला तर एका पूर्ण फेऱ्याला पॅडल जेमतेम सव्वा मिलिमीटर आत सरकतं. एवढ्या बारीक आट्यांवर चढावाला तुमचं सगळं वजन येतं. काही लहान मुलांच्या सायकलींना १/२ इंचाचं पॅडल असतं. ते एमटीबीच्या क्रँकमध्ये खडखडत राहतं, त्यामुळे घरातलं जुनं पॅडल काढून लावायचा विचार असेल तर आधी माप बघा.

डावं कुठलं, उजवं कुठलं

उजव्या पॅडलला नेहमीचे सुलटे आटे असतात, डाव्याला उलटे. बहुतेक पॅडलच्या एक्सलवर इंग्रजी 'एल' किंवा 'आर' कोरलेला असतो. तो झिजला असेल, तर पॅडल असं धरा की आट्यांचं टोक आकाशाकडे राहील आणि समोरून आट्यांच्या रेषा पाहा. रेषा उजवीकडे चढत असतील तर पॅडल उजवं, डावीकडे चढत असतील तर डावं. जिकडे चढण, तिकडची बाजू. डावं-उजवं ठरतं ते सायकलवर बसलेल्या माणसाच्या हिशेबाने. सायकलसमोर उभं राहून बघितलं की हमखास उलट होतं.

डावीकडे उलटे आटे कशासाठी, हे एकदा समजलं की पुन्हा विसरत नाही. एक पेन्सिल मुठीत सैल धरा आणि तिचं बाहेरचं टोक दुसऱ्या हाताने गोल फिरवा. पेन्सिल मुठीत स्वतःभोवती उलट्या दिशेने फिरताना जाणवेल. पॅडल मारताना एक्सलवरचा दाब असाच सतत गोल फिरत असतो आणि एक्सल क्रँकच्या भोकात सूक्ष्म प्रमाणात उलट्या दिशेने सरकत राहतो. डावीकडे सुलटे आटे असते तर या सरकण्याने पॅडल चालता चालता सुटलं असतं. उलटे असल्याने ते आवळलं जातं. पण हे तेव्हाच, जेव्हा पॅडल मुळात नीट आवळून बसवलेलं असतं. आपोआप घट्ट होईल म्हणून बोटांनी फिरवून सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे क्रँकही पाहिले आहेत.

पॅडल बसवताना

लागणारं सामान थोडंच. १५ नंबरचा पाना, किंवा एक्सलच्या मागच्या टोकाला षटकोनी खळगा असेल तर ६ किंवा ८ मिलिमीटरची एलन की. थोडं ग्रीस. जुना टूथब्रश आणि फडकं. १५ चा पाना पातळ तोंडाचा घ्या. साधा जाड पाना पॅडल आणि क्रँक यांच्या फटीत मावत नाही, मग अर्धवट पकडतो आणि एक्सलचे कोपरे गोल करून टाकतो.

आधी दोन्हींचे आटे ब्रशने साफ करा. क्रँकच्या भोकात बोट फिरवा. नव्या सायकलमध्येही रंगाचा थर किंवा धातूचा कीस अडकलेला सापडतो. मग एक्सलच्या आट्यांना सगळीकडून ग्रीस लावा. ग्रीसने पॅडल सैल होईल ही भीती काढून टाका. नीट आवळलेलं पॅडल ग्रीसमुळे सुटत नाही, आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ग्रीस नसेल तर वर्षभराने ते निघतच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाना खाली ठेवा. पॅडल क्रँकला अगदी काटकोनात धरून बोटांनी फिरवा. मी आधी उलट्या दिशेने हळूच फिरवतो. एका जागी बारीकशी 'टुक' जाणवते. तिथे आट्याचं तोंड आट्याला भेटलेलं असतं, तिथूनच सरळ दिशेने सुरू करायचं. पहिले तीन-चार फेरे निव्वळ दोन बोटांनी, बाटलीचं झाकण फिरावं तितक्या सहज गेले पाहिजेत. जड लागलं की थांबा, बाहेर काढा, पुसा, पुन्हा लावा. पाचदा काढावं लागलं तरी चालेल.

दिशा लक्षात ठेवायची युक्ती दोन्ही बाजूंना एकच आहे. पाना उभा वर धरला की त्याचं वरचं टोक पुढच्या चाकाकडे ढकललं तर पॅडल आवळतं, मागच्या चाकाकडे ओढलं तर सुटतं. डावं असो की उजवं, पाना असो की मागून लावलेली एलन की, हा नियम बदलत नाही. घड्याळाच्या काट्याच्या दिशेचा विचारच करू नका.

शेवटी आवळणं. जोर लागतो ३५ ते ४० न्यूटन-मीटर. तो मोजून आवळणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, कुणाकडे असतो? साधारण वीतभर लांब पान्याच्या टोकाला १८ ते २० किलोचा दाब दिला की तेवढं होतं. घरात पाण्याचा २० लिटरचा जार येत असेल, तर तो उचलताना हाताला जो ताण पडतो, तेवढाच. पान्याला पाइप लावून त्यावर उभं राहायची गरज नाही. पॅडल पूर्ण बसलं की एक्सलची कड क्रँकला चिकटलेली दिसते, मधून कागदही जात नाही. पहिल्या दोन-तीन फेरफटक्यांनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

टक-टक कुठून येतंय

माझा पहिला डावा क्रँक आरेच्या रस्त्यावर गेला. सायकल दुकानातून घेतली होती, पॅडल तिथेच बसवून मिळालं होतं. ते पुरतं आवळलेलं नव्हतं आणि मी घरी येऊन तपासलं नाही. दोन रविवार डाव्या पायाखाली एक 'टक' ऐकू येत होती, प्रत्येक फेऱ्याला एकदा, पाय खाली जाताना. मला वाटलं सीट करकरतेय. तिसऱ्या रविवारी गोरेगावकडून आत शिरून चढावावर उभा राहून पॅडल मारलं आणि ते बुटासकट बाजूला निघून आलं. तोल सांभाळला, मागे रिक्षा होती, तिने वेळेत ब्रेक मारला. रस्त्याच्या कडेला बसून पॅडल हातात घेतलं. एक्सलच्या आट्यांत चांदीसारखी चकचकीत तार गुंडाळलेली, बारीक शेवेसारखी. नखाने ओढली तर स्प्रिंगसारखी उलगडत सलग बाहेर आली. ते माझ्या क्रँकचे आटे होते. उरलेला रस्ता सायकल ढकलत स्टेशनपर्यंत.

म्हणून आवाज आला की त्याच दिवशी शोध घ्या. सायकल भिंतीला टेकवा. पॅडल हाताने धरून वर-खाली, आत-बाहेर हलवा. पॅडलचं शरीर हलतंय पण एक्सल क्रँकमध्ये घट्ट आहे, तर पॅडलचं बेअरिंग झिजलंय. त्यात क्रँकला धोका नाही. एक्सलच क्रँकमध्ये डुलतोय, तर आट्यांचा प्रश्न आहे, तिथेच थांबा. मग दोन्ही क्रँक दोन हातांत धरून फ्रेमच्या दिशेने आडवे हलवा. एकच क्रँक हलला तर त्याचा बोल्ट सैल आहे. दोन्ही एकदम, एकमेकांबरोबर हलले तर मधलं बीबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेटचं बेअरिंग गेलंय. काहीच हललं नाही तर सीटवरून उठून पॅडल मारून बघा. आवाज बंद झाला तर खरोखरच सीट किंवा सीटपोस्ट.

सैल क्रँकबद्दल थोडं. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या एमटीबींमध्ये बीबीच्या एक्सलचं टोक चौकोनी आणि निमुळतं असतं, त्यावर क्रँक पाचरीसारखा ठोकून बसतो आणि बोल्टने धरला जातो. बोल्टला १४ चा गोटी पाना किंवा ८ ची एलन की लागते, आणि जोर ३५ ते ५० न्यूटन-मीटर. हा सैल क्रँक चालवत राहिलं की अॅल्युमिनियमचं चौकोनी भोक आतून गोलावतं. एकदा गोलावलं की कितीही आवळा, दोन दिवसांत पुन्हा सैल. मग तो क्रँक बदलण्याशिवाय उपाय नाही. उलट टोकाची चूकही करू नका. दर आठवड्याला हौसेने आवळत राहिलात तर क्रँक पाचरीवर पुढे पुढे सरकत शेवटी तडकतो. महागड्या एमटीबींमध्ये पोकळ, जाड एक्सल असतो आणि डाव्या क्रँकला बाजूने दोन बोल्ट. ते दोन्ही आलटून-पालटून, थोडे थोडे, १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचे. बाहेरची प्लास्टिकची टोपी फक्त बोटाच्या जोराने. तिथे ताकद लावली की बेअरिंग जाम.

आटे गेलेच तर

किती गेलेत त्यावर सगळं अवलंबून आहे. टॉर्च घेऊन भोकात बघा.

बाहेरचे एक-दोन आटे चेपलेत आणि आतले शाबूत आहेत, तर क्रँक वाचतो. आमच्या पार्किंगमधल्या मुलाचं हेच झालं. भोक आरपार असतं आणि आट्यांची दिशा मागूनही तीच राहते. म्हणून टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, पुढून, बिघडलेल्या बाजूने लावायचा नाही. क्रँकच्या मागून, चांगल्या आट्यांतून घालायचा. तो चांगल्या आट्यांच्या आधाराने सरळ येतो आणि पुढचे चेपलेले आटे उघडत बाहेर पडतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल सोडत, कीस पुसत. डाव्या क्रँकला उलट्या आट्यांचा टॅप हवा हे वेगळं सांगायला नको.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारं, बोल्ट, टॅप यांची दुकानंच दुकानं आहेत. तिथे जाऊन नुसता '९/१६ चा टॅप' मागू नका. सर्वसाधारण ९/१६ टॅप इंचाला १२, १६ किंवा १८ आट्यांचा असतो. सायकलच्या पॅडलला २० लागतात. १८ चा टॅप २० च्या भोकात सुरुवातीला गेल्यासारखा वाटतो आणि मग उरलेसुरले आटेही कापून टाकतो. सोबत आपलं पॅडल घेऊन जा, टॅपचे दात एक्सलच्या दातांत बसवून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर तो टॅप आपला नाही. सायकलची नीट हत्यारं ठेवणाऱ्या चांगल्या वर्कशॉपमध्ये पॅडलच्या टॅपची डावी-उजवी जोडी असते. आयुष्यात एकदा लागणाऱ्या कामासाठी तिथेच गेलेलं बरं.

सगळेच आटे गेले असतील तर दोन रस्ते. पहिला, बुश घालणे. भोक मोठं करून त्यात नवे आटे पाडायचे, बाहेरून-आतून आटे असलेला पोलादी बुश पक्क्या चिकटद्रव्याने त्यात बसवायचा, आणि पॅडल त्या बुशमध्ये. काम नीट झालं तर बुश मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ ठरतो, कारण आता पोलाद पोलादात बसतं. पण भोक अगदी काटकोनात मोठं व्हायला हवं. हातातल्या ड्रिलने ते होत नाही. थोडं जरी तिरकं गेलं तर पॅडल डुलत फिरतं आणि गुडघा दुखायला लागतो. कुर्ला, साकीनाका, मरोळकडच्या गाळ्यांमध्ये लेथ आणि उभं ड्रिल असलेले कारागीर आहेत, त्यांचा हात बसलेला असतो. पण डावा क्रँक असेल तर त्यांना 'उलटे आटे, इंचाला वीस' हे आधीच सांगा, कागदावर लिहून द्या.

दुसरा रस्ता, नवा डावा क्रँक. साध्या चौकोनी एक्सलच्या सायकलला मी हाच सुचवतो. एकटा डावा क्रँक मिळतो आणि महाग पडत नाही. उजवा गेला तर मात्र त्याला दातऱ्या, म्हणजे चेनची दात्यांची चाकं, जोडलेल्या असतात, तिथे बुशचा विचार आधी करा. नवा घेताना जुन्याच्या मागच्या बाजूला लांबी कोरलेली असते ती बघा, १७० किंवा १७५ मिलिमीटर. दोन्ही बाजू सारख्याच हव्यात. आणि बीबीच्या एक्सलचा प्रकार तोच हवा. शक्यतो जुना क्रँक पिशवीत घालून दुकानात न्या.

भोकात एम-सील भरून, टेफ्लॉनची टेप गुंडाळून किंवा पत्र्याची पट्टी खुपसून पॅडल बसवायचं नाही. वेल्डिंग तर मुळीच नको. वेल्डिंगच्या आचेने क्रँकच्या अॅल्युमिनियमची ताकद जाते, आणि तो क्रँक चढावावर, तुम्ही उभे असताना मोडतो. घोडबंदर रोडवर ट्रकच्या शेजारी असा क्रँक मोडलेला कुणालाही नको.

क्रँक काढताना

चौकोनी एक्सलवरचा क्रँक हातोडीने निघत नाही. तो ओढून काढायचं हत्यार, म्हणजे क्रँक पुलर, लागतो. आधी बोल्ट काढा, आणि बोल्टमागे वॉशर राहिली असेल तर तीही. वॉशर आत राहिली की पुलर तिच्यावरच जोर देतो आणि क्रँकमधले बाहेरचे मोठे आटे, २२ मिलिमीटरचे, सगळे एकदम ओरबाडून निघतात. पुलर बोटांनी शक्य तितका आत फिरवा, मग पान्याने शेवटपर्यंत घट्ट करा, आणि त्यानंतरच मधला दांडा फिरवा. तीन-चार आट्यांवर अडकवून दांडा फिरवायची घाई करू नका.

हे आटे गेले तर क्रँक बदलायचाच आहे असं धरून चाला. काढण्याचा साधा उपाय म्हणजे बोल्टशिवाय सायकल सोसायटीच्या आवारातच हळूहळू चालवणे. काही फेऱ्यांत क्रँक आपणहून सुटतो. रस्त्यावर हे करू नका.

अडकलेलं पॅडल आणि पावसाळा

वरळी, मरीन ड्राइव्ह, वांद्र्याचा बँडस्टँड. पावसाळ्यात तिथे अंगावर जे तुषार येतात त्यात मीठ असतं. पोलाद आणि अॅल्युमिनियम एकत्र, मध्ये खारं पाणी, की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम झिजून पांढरी पूड होते. ती आट्यांत घट्ट बसते. सप्टेंबरात पॅडल काढायला जावं तर हलत नाही.

असं अडकलेलं पॅडल काढायचं असेल तर आदल्या रात्री क्रँकच्या पुढून-मागून गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. सकाळी चेन पुढच्या सर्वांत मोठ्या दातऱ्यावर आणा, म्हणजे पाना सटकला तरी हात उघड्या दातांवर आदळणार नाही. क्रँक पुढे आडवा ठेवा, पाना एक्सलवर असा लावा की त्याचा दांडा मागे, क्रँकला जवळजवळ समांतर जाईल. मग अंगाचं वजन टाकून खाली दाबा. दोन्ही बाजूंना हीच पद्धत. तरी सुटलं नाही तर क्रँकच्या टोकावर किटलीतलं उकळतं पाणी ओता. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, पकड ढिली होते. लगेच पाना लावा. बहुतेक वेळा एक 'कट्' असा आवाज येतो आणि पॅडल सुटतं.

मी मेच्या शेवटी आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमारास दोन्ही पॅडल काढतो, आटे ब्रशने घासतो, ताजं ग्रीस लावून परत बसवतो. सगळं मिळून वीस मिनिटं. जुनं ग्रीस काळं निघालं तर काळजी नाही. त्यात पांढरी पूड दिसली तर पाणी आत पोचलंय, तेव्हा पुढच्या वेळी वाट न बघता दर महिन्याला उघडून बघा. आणि पुसलेल्या फडक्यावर चांदीसारखा कीस चमकला, तर पॅडल परत लावू नका. टॉर्च आणा आणि भोकात नीट बघा.